शरयूचा कारखाना कुठे बसावा

विनताबाई लाखे कुणाकडे गेल्या, पाणी प्यायल्या, की रिकामा काचेचा पेला उलटा करून त्याचं बूड वाचायच्या. फिरोजाबादचा निघाला तर मान डोलवायच्या. लांबच्या एखाद्या देशाचं नाव निघालं तर डोळे बारीक करून ते पुन्हा एकदा वाचायच्या. जबलपुरातल्या मराठी मंडळींना ही त्यांची खोड पाठ होती. हळदीकुंकवाला त्या आल्या की एखादी यजमानीण मुद्दाम विचारायची, "काय विनताताई, कुठला निघाला आमचा पेला?" बायका हसायच्या. विनताबाईही हसायच्या, पण मनानं त्या केव्हाच त्या पेल्याबरोबर निघालेल्या असायच्या. भट्टीच्या तोंडाशी, बंदरावर, जहाजाच्या पोटात, मग ट्रकमध्ये पेंढ्यात गुंडाळून घाट चढताना. स्वतः त्या नागपूरच्या पलीकडे आयुष्यात दोनदाच गेल्या होत्या. बाकीचं जग त्यांनी असं बसल्या जागी पाहिलं.

ही खोड लहानपणची. त्यांचे वडील तोफांचे गाडे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात फिटर होते. आठ वर्षांच्या विनतानं एकदा त्यांना जेवताना विचारलं, "बाबा, इथं लोखंड निघत नाही, समुद्र नाही, लढाई पण होत नाही. मग तोफा इथंच काहून बनवतात?" वडील भात कालवता कालवता म्हणाले, "अगं, साहेबानं नकाशा पसरला. जिथं शत्रू कुठूनच लवकर पोचणार नाही, तिथं बोट टेकवलं. ते बोट आपल्या गावावर आलं म्हणून आपण जेवून राहिलो." त्यानंतर कितीतरी दिवस ती पोरगी गच्चीवर उताणी पडून आभाळात ते बोट शोधायची. ढगांतून खाली येणारं, जाडजूड, शाई लागलेलं. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर ते नेमकं आपल्या घराशेजारी कसं टेकलं याचं तिला फार नवल वाटायचं, आणि दुसऱ्याच कुठल्या गावावर टेकलं असतं तर, या विचारानं ती उठून बसायची.

त्या बोटामागे लागून विनताबाई अर्थशास्त्र शिकल्या आणि मुलींच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं देशादेशांतल्या व्यापाराचा विषय शिकवत राहिल्या. वाचायचं इंग्रजीत, शिकवायचं हिंदीत आणि स्वप्नं पाहायची मराठीत, असा सगळा कारभार. पुस्तकातले दोन देश मुलींना परके वाटायचे, म्हणून त्या शेजारचं पनागर गाव आणि जबलपुरातलंच कांचघर घ्यायच्या. समजा, पनागरची बाई मटार पिकवण्यात कांचघरच्या बाईपेक्षा पुष्कळ हुशार आणि सलवार-सूट शिवण्यात थोडीशीच हुशार. तरी तिनं मटारच पिकवावा आणि सूट कांचघरकडून घ्यावा, म्हणजे दोघींचं भलं होतं. हे ऐकून मागच्या बाकावरची एखादी तरी मुलगी दर वर्षी विचारायची, "पर मैडम, पनागरवाली मानेगी क्यों?" विनताबाई म्हणायच्या, "समझो मान गई."

या 'समजा'वर त्यांचा भारी जीव. समजा वाहतुकीला खर्चच नाही. समजा सगळी माणसं सारखीच कुशल. एवढं समजून घेतलं की जग स्वच्छ आणि शांत दिसायला लागायचं, आणि त्यांना तिथं फार बरं वाटायचं. पुस्तकाच्या शेवटी एक प्रकरण होतं, एकाच धंद्याची माणसं एकाच गल्लीत काहून गोळा होतात त्याबद्दल. ते मात्र दर वर्षी राहून जायचं. फेब्रुवारी लागला की मुली जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायच्या आणि विनताबाई म्हणायच्या, "इस पर सवाल नहीं आता, छोड़ दो."

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी एक सल त्यांच्या मनात होता, आणि तो त्यांनी नवऱ्यालाही सांगितला नव्हता. एकतीस वर्षांत हजारो मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांतल्या एकीनंही कधी येऊन विचारलं नाही की मॅडम, माझं असं असं आहे, तुमचा विषय काय म्हणतो? गणिताच्या बाईंना लोक विचारत होते, स्वयंपाकाच्या वर्गवाल्या बाईंना तर रस्त्यात अडवून विचारत होते. आपला विषय खोटा तर नव्हता, ही शंका त्यांना दुपारी पडल्या पडल्या छळायची.

म्हणून जानेवारीतल्या एका मंगळवारी शरयू ढोबळे दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुमच्या विषयातलं विचारायचं आहे," तेव्हा विनताबाईंच्या हातातली मटाराची परात निसटता निसटता राहिली.

शरयू त्यांची वीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. मागच्या बाकावरची. आता कांचघरलाच, लाखेंच्या घरापासून दहा मिनिटांवर, बायकांचे सलवार-सूट शिवण्याचा तिचा छोटा कारखाना होता. कापड सुरतेहून यायचं, सूट इथं शिवून रेल्वेनं दूर दक्षिणेत जायचे, कोचीच्या एका व्यापाऱ्याकडे. तो व्यापारी आता म्हणत होता की सीमेपलीकडून त्याला तसलाच सूट स्वस्तात मिळतो. पुढच्या हंगामापर्यंत भाव उतरवा, नाही तर राम राम. इकडे शरयूच्या हॉलच्या मालकानं भाडं वाढवलं होतं. पनागरच्याही पुढे सिहोऱ्याला एक रिकामी शेड मिळत होती, भाडं तिसरा हिस्सा, आणि तिथं हातही स्वस्त. शेडवाल्याला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"माझ्याकडे अठरा बायका आहेत मॅडम," शरयू म्हणाली. "मी चुकली तर सगळा खेळ खलास. तुम्ही शिकवलं होतं ना, कारखाना कुठे बसतो ते. मला तेव्हा समजलं नव्हतं. आता सांगा. मी तुमचं ऐकीन."

ती गेल्यावर विनताबाई बराच वेळ तशाच बसून राहिल्या. त्यांना आनंदानं रडू येत होतं. आतून नवऱ्यानं, शरच्चंद्ररावांनी, विचारलं, "काय झालं? काहून रडून राहिली?" ते रेल्वेच्या माल कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी होत्या, वेळेवर पोचलेला माल आणि न पोचलेला माल.

"अहो, मला एक प्लायवुडची फळी पाहिजे," विनताबाई म्हणाल्या. "आणि तिला भोकं पाडून द्या."

त्या फळीचं असं होतं. कारखाना कुठे बसावा हे सांगणारा एक जुना प्रयोग त्यांनी पुस्तकात पाहिला होता, पण कॉलेजात कधी करून दाखवता आला नव्हता. फळीवर नकाशा चिकटवायचा. जिथून माल येतो, जिथं जातो, जिथं हात मिळतात, त्या त्या गावाला भोक पाडायचं. प्रत्येक भोकातून एक दोरा खाली सोडायचा आणि त्याला वजन बांधायचं. ज्या गावाची ओढ जास्त, त्याला वजन जास्त. वर नकाशावर सगळ्या दोऱ्यांची मिळून एक गाठ मारायची आणि सोडून द्यायची. गाठ आपोआप सरकते आणि एका जागी थांबते. तिथं कारखाना.

शरच्चंद्ररावांनी फळी दोन स्टुलांवर टेकवून भोकं पाडली. वजनांसाठी विनताबाईंनी जुन्या पातळाच्या थैल्या शिवल्या आणि त्यांत वाळलेले वाटाणे भरले. रेल्वेसाठी दोन मुठी, कापडाच्या गोदामासाठी दोन, लेस-बटणांच्या बाजारासाठी एक. सिहोऱ्याच्या स्वस्त भाड्यासाठी चार मुठी आणि स्वस्त हातांसाठी आणखी चार.

"सिहोऱ्याचे लाड चालले आहेत," शरच्चंद्रराव म्हणाले. "आणि उद्या उसळ कशाची करशील?"

"उगाच मधे मधे बोलू नका. शास्त्र आहे हे."

बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ विनताबाईंनी अशी काढली की विचारू नका. गच्चीवर उन्हात चटई टाकून पडायच्या, आणि उन्हाच्या गुंगीत त्यांना दोरेच दोरे दिसायचे. सुरतेहून निघालेला निळा, कोचीकडे जाणारा पिवळा. आभाळभर ताणलेले, हळूच हलणारे. खालच्या रुळांवरून मालगाडी जायची आणि एखादा दोरा किंचित थरथरायचा. सगळ्या दोऱ्यांच्या मधे कुठंतरी त्या स्वतः होत्या, हलक्या, कापसासारख्या, आणि कुणी तरी त्यांना विचारत होतं, बाई, कुठे ठेवू? इतकं सुख त्यांना पीएच.डी. मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी शरयू आली. तिच्यासमोर विनताबाईंनी गाठ कांचघरवर धरली, डोळे मिटले आणि सोडली. गाठ एक क्षण तिथंच राहिली. मग थरथरली आणि सरकायला लागली, अगदी हळू, वाट माहीत असलेल्या गाईसारखी. पनागरवरून गेली, थोडी रेंगाळली, आणि सिहोऱ्याच्या भोकाशी जाऊन थांबली.

शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विनताबाईंना वाटलं, त्यांच्यासारखंच तिलाही हे सुंदर वाटलं.

"चलो, ठरलं मग," शरयू म्हणाली. तिनं तिथूनच शेडवाल्याला फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं.

शुक्रवारी विनताबाईंनी इस्त्रीची साडी नेसली आणि शरयूचा कारखाना बघायला निघाल्या. नव्या शेडमध्ये कुठलं मशीन कुठे ठेवायचं याचाही नकाशा काढून द्यावा असं त्यांच्या मनात होतं. आता एक गोष्ट सांगायलाच हवी. एकतीस वर्षं उत्पादन शिकवलेल्या या बाईंनी सूट शिवण्याच्या कारखान्यात आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. त्याच गल्लीच्या तोंडाशी त्या रोज कोथिंबीर घ्यायच्या, पण आत कधी वळल्या नव्हत्या.

हॉलमध्ये कापायचं मोठं टेबल होतं, सहा मशीनं होती आणि सहा बायका होत्या. शरयू कुठंतरी माल उतरवायला गेली होती.

"बाकी बारह कहाँ हैं? छुट्टी पर?" विनताबाईंनी विचारलं.

"छुट्टी काहे की, दीदी? घर पे हैं, काम पे," एक जण म्हणाली. तिनं शिवलेल्या सुटांचं गाठोडं त्याच कापडाच्या चिंधीनं बांधलं आणि ते डोक्यावर घेऊन निघाली. विनताबाई तिच्या मागे गेल्या.

गाठोडं पहिल्या घरात गेलं. तिथली बाई चुलीवरच्या भाताकडे एक डोळा ठेवून फक्त सुटांचे गळे करत होती. गेली चौदा वर्षं गळेच. तिथून समोरच्या घरात, लेस लावायला. तिथून माडीवर, तुरपाईला, म्हणजे कडा हातानं दुमडून शिवायला. तुरपाईवाली पाय पसरून बसली होती, शेजारी अंथरुणाला खिळलेली सासू. तिनं एक सूट उचलला, बोटानं गळा चाचपला आणि खिडकीतून ओरडली, "अरी ओ, गला चढ़ गया है इसका!" खालून गळेवाली उत्तरली, "फेंक दे!" सूट खिडकीतून खाली गेला आणि भाताला उकळी येईपर्यंत दुरुस्त होऊन दोरीला बांधून वर आला. कुणाचा दोरा संपला तर शेजारणीकडून यायचा, कुणाला ताप आला तर तिचं गाठोडं पुढच्या दोन घरांत वाटलं जायचं. कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. गल्लीतली दहा वर्षांची पोरही कापड हातात घेऊन सांगत होती की हे धुतल्यावर आटणार.

विनताबाई माडीच्या जिन्यावरच खाली बसल्या. आयुष्यभर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, हे कुठे बनतं? आणि नेमकं त्यांनाच तो विचारला गेला तेव्हा त्यांनी हॉलच्या जागी गाठ धरली होती. हॉलमध्ये सूट नुसता सुरू होत होता. बनत होता तो या गल्लीत, चुलीपाशी, खाटेपाशी, खिडकीतून खाली-वर जाताना. न शिकवलेलं ते शेवटचं प्रकरण त्यांच्या डोळ्यांसमोर चालत होतं, आणि फळीवर या अठरा बायकांसाठी त्यांनी वाटाण्याचा एक दाणाही टाकला नव्हता.

"सिहोरा चलोगी?" त्यांनी तुरपाईवालीला विचारलं.

ती हसली. "मैं तो बाजार भी अम्मा को दवाई देके, घंटा गिन के जाती हूँ, दीदी." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आप पढ़ी-लिखी हो. ये सूट यहाँ से जाता कहाँ है?"

"कोची," विनताबाई म्हणाल्या. "समुद्र किनारे."

"समुंदर!" ती म्हणाली. तिनं हातातला सूट उलटसुलट करून पाहिला, आणि मग त्याची तुरपाई जरा जास्तच बारीक घालायला लागली. विनताबाई तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. सिहोऱ्याला हात स्वस्त होते हे खरं, पण चौदा वर्षं गळे केलेले हात तिथं कोण देणार होतं?

घरी निघून जावं असं त्यांना फार वाटलं. मंगळवारी पहिल्यांदा कुणी त्यांना विचारलं होतं. एवढी एकच वेळ, आणि आज जाऊन म्हणायचं की मी चुकले? मग ते सगळ्या बायकांना कळणार, हळदीकुंकवाला कळणार. त्या जिन्यावर दहा मिनिटं बसून राहिल्या. मग उठल्या आणि हॉलवर आल्या. शरयू परतली होती, कापडाचे तागे मोजत होती.

"शरयू, सिहोऱ्याला जाऊ नको," त्या म्हणाल्या. "मी चुकीचं सांगितलं. तुझा कारखाना ही गल्ली आहे. ती मी फळीवर घेतलीच नाही."

मशीनं थांबली. शरयूनं हातातला तागा खाली ठेवला.

"मला माहीत होतं मॅडम, गल्ली सुटली तर काम बिघडेल," ती म्हणाली. "काल गाठ सरकली तेव्हा जीव तुटत होता माझा. पण मला वाटलं ही माझी माया आहे. शास्त्रात मायेला कोण विचारतं? तुम्ही हसाल म्हणून बोलली नाही."

"बोलायचं होतंस गं."

"तुम्ही विचारायचं होतं!" शरयूचा आवाज चढला. "वर्गात पण मी विचारायची तर तुम्ही म्हणायच्या, समझो मान गई. आता सांगा, हॉलचं भाडं कुठून भरू? कोचीवाल्याला काय सांगू? हे पण समजूनच घेऊ काय?"

विनताबाईंना ते लागलं. लागावं तसंच लागलं. पुस्तकातलं काही आठवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्यांनी हॉलकडे पाहिलं. सहा मशीनं, एक टेबल, कोपऱ्यात तागे. बाकी जागा रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेचंच भाडं जात होतं.

"मशीनं बायकांच्या घरी मावतील?" त्यांनी विचारलं.

सहाजणींनी एकमेकींकडे पाहिलं. "मावतील," शरयू सावकाश म्हणाली. "पण टेबल नाही मावायचं. कापायला बारा फूट जागा लागते. गल्लीत एवढी खोली कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे," विनताबाई म्हणाल्या. "बैठकीची. आम्ही दोघं माणसं, चौदा फुटांत बसून करतो काय? दहा मिनिटं चालावं लागेल, एवढंच. हॉल सोडून दे."

शरयूनं लगेच हो म्हटलं नाही. ती तागे मोजत राहिली, दोनदा चुकली. मग तिनं फोन उचलला आणि शेडवाल्याची बोलणी खाल्ली, बरीच खाल्ली. हॉलचं भाडं वाचलं तर कोचीवाल्याला भाव थोडा उतरवून देता येत होता. पुरेल की नाही ते पुढच्या हंगामात कळणार होतं.

सोमवारी शरच्चंद्ररावांनी सोफा आतल्या खोलीत ओढला. "माल वेळेवर आला म्हणायचा," ते टेबल आत घेणाऱ्या हातगाडीवाल्याकडे बघत म्हणाले. विनताबाई सकाळपासून तयार होत्या. टेबल कुठे असावं याचा त्यांनी चांगला विचार करून ठेवला होता. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहून खिडकीकडे हात करून म्हणाल्या, "तिथं ठेवू, शरयू. सगळ्यात चांगला उजेड तिथं आहे."

"खिडकीत नको मॅडम. उन्हानं कापडाचा रंग उडतो," शरयू म्हणाली. "आणि कापणारीला चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे."

"मग कुठे?"

शरयूनं खोली एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग ती जवळ आली आणि तिनं मॅडमच्या खांद्यांना हळूच धरलं.

"तुम्ही उभ्या आहात तिथं," ती म्हणाली. "जरा सरका."

विनताबाई सरकल्या.